८ जीबी बसवली, ३.२ जीबी मिळाली: एका 'वेगवान' केलेल्या विंडोजचं प्रकरण

विंडोज १० चालवणारा एक डेस्कटॉप. चार कोरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. मालक पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानमांडणी करतात, त्यामुळे दिवसभर हेच यंत्र. तक्रारी त्यांनी कागदावर लिहूनच दिल्या. पानमांडणीची मोठी फाइल उघडली की ब्राउझर आपोआप बंद पडतो. प्रिंटर यादीत दिसतो, पण छापत नाही. विंडोज अपडेट ०एक्स८००७०४२२ असा आकडा दाखवून थांबतं. आणि पडद्यावरची मराठी अक्षरं 'दातेरी' झाली आहेत. शेवटच्या तक्रारीखाली रेघ मारलेली होती. अक्षरांचं काम करणाऱ्या माणसाला बाकी सगळं एकवेळ चालेल, हे नाही.

"रॅम दुप्पट केली, सगळं फालतू काढून टाकलं, तरी आधीपेक्षा वाईट चालतोय. आता आणखी काय काढायचं सांगा," असं ते म्हणाले.

विंडोज पुसून नव्याने टाकणं हा सोपा मार्ग त्यांना परवडणारा नव्हता. पानमांडणीचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचा परवाना त्याच स्थापनेला जखडलेला, आणि जुन्या फाइलींना लागणारे युनिकोडपूर्व फाँट कुठून कुठून गोळा केलेले. यंत्र आहे तसं ठेवून नीट करायचं ठरलं. पहिलं काम म्हणून संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घेतली, मगच हात लावला.

दुरुस्तीची साधनं काय सांगतात, काय नाही

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवण्याचा. मालकांनी तो आधीच पाळला होता आणि उत्तर आलं होतं की फाइलींमध्ये काही दोष नाही. ते उत्तर खरंच होतं. एसएफसी विंडोजच्या संरक्षित फाइली मूळ प्रतींशी ताडून पाहतं. एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम, मुद्दाम बंद केली असेल, पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल, काढून टाकली असेल, बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या, नोंदीत मर्यादा घातली असेल, तर त्यात बिघडलेली फाइल एकही नसते. विंडोजच्या दृष्टीने ती मालकाची इच्छा असते आणि ती निमूटपणे पाळली जाते. 'फाइन-ट्यून' केलेलं यंत्र दुरुस्त करणं म्हणूनच खराब झालेलं यंत्र दुरुस्त करण्याहून कटकटीचं असतं. बिघाड सापडत नाही, कारण तो बिघाड नसतोच.

अपडेटच्या आकड्याचा उलगडा मात्र चुटकीसरशी होतो. शेवटचे तीन अंक ४२२ हे सोळा-आधारी आहेत, दशमानात १०५८. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट हेल्पमेसेज १०५८' अशा अर्थाची आज्ञा दिली की विंडोज स्वतःच सांगतं: ही सर्व्हिस बंद करून ठेवलेली असल्याने सुरू करता येत नाही. म्हणजे कोणीतरी ती बंद केली आहे. प्रश्न उरतो तो कोणी, कधी आणि आणखी काय काय बंद केलं, हा.

आधी रॅम

सर्व्हिसेसमागे लागण्याआधी सिस्टमच्या माहितीचं पान उघडलं. बसवलेली रॅम ८.०० जीबी, आणि तिच्यापुढे कंसात वापरण्याजोगी ३.२ जीबी. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली कोपऱ्यात 'हार्डवेअर रिझर्व्ड' या नावाने पावणेपाच जीबीच्या आसपासचा आकडा. रॅम बसवणाऱ्या तंत्रज्ञाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रणालीत, ८ जीबी दाखवली होती आणि तीही खरीच होती. बायोसला दिसते, विंडोजला मिळत नाही, असा प्रकार असेल तर संशयित मोजकेच उरतात. ६४ बिटी विंडोज असल्याने ३२ बिटांची मर्यादा बाद झाली. मग प्रशासक म्हणून बीसीडीएडिट हे बूटच्या नोंदी दाखवणारं आणि बदलणारं साधन चालवलं. बूटच्या नोंदीत, एरवी जिथे काही नसतं तिथे, दोन ओळी उभ्या: 'नमप्रॉक ४' आणि 'ट्रंकेटमेमरी ०एक्स१००००००००'. दुसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे बरोबर ४ जीबी.

मालकांना आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, यंत्रात ४ जीबी होती तेव्हा, एका व्हिडिओत पाहून त्यांनी एमएसकॉन्फिग हे विंडोजचं मांडणी बदलायचं साधन उघडलं होतं. बूट टॅबमध्ये 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन प्रोसेसरच्या संख्येला टिक लावून ४ निवडले, 'मॅक्सिमम मेमरी'ला टिक लावून असलेला सगळ्यात मोठा आकडा ठेवला. व्हिडिओचा दावा असा की विंडोज मुळात एकच कोर वापरतं, या टिका लावल्या की सगळी ताकद मोकळी होते.

हा दावा इतकी वर्षं फिरतोय की त्याला आता वय आलं आहे. विंडोज कोणी न सांगताही सगळे कोर आणि सगळी रॅम वापरतं. या दोन चौकटी ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहेत. आपला प्रोग्रॅम दोन कोरांवर किंवा कमी मेमरीत कसा वागतो हे त्यांना ताडून पाहायचं असतं, म्हणून ताकद *कमी* करायची ती सोय. चौकटीत सर्वांत मोठा आकडा ठेवला तर फार तर काही होत नाही, असं वाटतं. प्रोसेसरच्या बाबतीत ते खरं ठरलं: चार कोर होते, चारच राहिले.

मेमरीच्या बाबतीत मात्र नाही. ट्रंकेटमेमरी रॅमचं प्रमाण मोजत नाही, पत्ता पाहते. दिलेल्या पत्त्याच्या वरची सगळी मेमरी विंडोजने दुर्लक्षित करायची, एवढाच तिचा अर्थ. पीसीच्या रचनेत ४ जीबीच्या रेषेच्या लगेच खालचा पत्त्यांचा पट्टा ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखलेला असतो. त्या पट्ट्यात जी रॅम आली असती, तिचे पत्ते बोर्ड ४ जीबीच्या वर सरकवतो. म्हणजे ४ जीबीच्या रेषेवर कात्री चालवली की ४ जीबी मिळत नाही, पट्टा वजा जाऊन उरेल तेवढीच मिळते. 'सगळी मेमरी मोकळी' करायला लावलेली टिक पहिल्या दिवसापासून पाऊण जीबीच्या आसपास मेमरी खात होती. आणि पुढे कधीतरी रॅम ८ जीबी केली, तेव्हा नवी भर पूर्णच्या पूर्ण त्या रेषेच्या वर जाऊन बसली.

इथून पुढचं सगळं याच एका टिकेतून निघालं. रॅम वाढवूनही फरक पडेना, तेव्हा मालकांनी निष्कर्ष काढला की दोष विंडोजच्या 'फालतू' गोष्टींचा आहे. त्यांच्या जागी मीही तोच काढला असता. पुरावा त्याच दिशेला बोट दाखवत होता.

पेजफाइल काढल्यावर

निष्कर्षातून पहिली कृती झाली ती पेजफाइल बंद करण्याची. '८ जीबी असताना डिस्कवर मेमरी कशाला, डिस्क तर हळू आहे' हा विचार ऐकायला चोख आहे. पण विंडोज मेमरीचा हिशेब उसनवारीच्या वहीसारखा ठेवतं. एखाद्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली की ती त्याच्या नावे 'कमिट' होते, मग त्याने ती प्रत्यक्ष वापरलेली असो वा नसो. दिलेल्या सगळ्या शब्दांची बेरीज रॅम अधिक पेजफाइल यांच्यापुढे जाऊ शकत नाही. शब्द दिला की तो पाळायची तयारी हवी, या बाबतीत विंडोज कडक आहे. लिनक्स इथे बरंच सैल वागतं.

या यंत्रावर पेजफाइल शून्य आणि रॅम ३.२ जीबी, म्हणजे मर्यादाही ३.२ जीबीच. टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'चा आकडा पाहिला तर पानमांडणीचं सॉफ्टवेअर आणि चार टॅबांचा ब्राउझर एवढ्यावरच तो छताला टेकलेला. त्याच क्षणी 'उपलब्ध' मेमरी मात्र काही शे एमबी दिसत होती. मालकांना हेच कोडं पडलं होतं: मेमरी शिल्लक दिसते, तरी ब्राउझर कोसळतो. शिल्लक होती ती प्रत्यक्ष रॅम. शब्द देण्याची ऐपत संपली होती. सिस्टम लॉगमध्ये 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर'ची २००४ क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा आलेली दिसली. त्या नोंदीत सर्वांत जास्त मेमरी घेणाऱ्या प्रोग्रॅमांची नावंही असतात. लॉग कोणी उघडलाच नव्हता.

बीसीडीएडिटने दोन्ही ओळी काढल्या, पेजफाइल 'सिस्टमने सांभाळावी' या पर्यायावर परत नेली, यंत्र पुन्हा सुरू केलं. वापरण्याजोगी रॅम ७.९ जीबी. मोठ्यात मोठी फाइल, ब्राउझर, शब्दकोश, सगळं एकत्र उघडून ठेवलं आणि काही कोसळलं नाही. चारपैकी पहिली तक्रार इथेच मिटली. खरं सांगायचं तर बाकीच्या तिन्ही उद्भवायचं कारणच या टिकेने दिलं होतं.

स्क्रिप्टची उकल

निष्कर्षातून दुसरी कृती झाली ती स्क्रिप्टची. इंटरनेटवरून उतरवून तिथल्या तिथे चालणारी, विंडोज 'हलकं' करणारी एक ओळ. मालकांकडे तिची प्रत नव्हती, नाव आठवत नव्हतं, आणि तिने काय काय केलं याची यादी अर्थातच नव्हती. विंडोजमध्ये 'हे कोणी बदललं' असं विचारायची एक जागा नाही. पण खुणा तीन ठिकाणी उरतात.

पहिली खूण पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीच्या, इतिहासाची. टाइप केलेल्या आज्ञा वापरकर्त्याच्या अॅपडेटा फोल्डरात 'कन्सोलहोस्ट हिस्टरी' नावाच्या साध्या मजकूर फाइलीत साठत जातात. ती ओळ तिथे जशीच्या तशी होती. तारीख त्या फाइलीत नसते, आणि ओळीतल्या पत्त्यावर आता वेगळीच आवृत्ती होती, त्यामुळे तिथून एवढंच कळलं की असं काही चाललं होतं.

दुसरी खूण सिस्टम लॉगमधली ७०४० क्रमांकाची नोंद. एखाद्या सर्व्हिसची सुरू होण्याची पद्धत बदलली की 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' ती लिहून ठेवतो: अमुक सर्व्हिस स्वयंचलितवरून बंद. लॉग या क्रमांकाने गाळला आणि एकाच मिनिटात पडलेली नोंदींची रांग समोर आली. छपाईची कामं सांभाळणारा प्रिंट स्पूलर, विंडोज अपडेट, नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सिसमेन, विंडोज सर्च, वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी डायगट्रॅक आणि आणखी बऱ्याच. प्रिंटर का छापत नाही, याचं उत्तर पहिल्याच ओळीत. स्पूलर अशा याद्यांमध्ये बहुधा २०२१ च्या 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरणामुळे आला. त्या जुलैमध्ये स्पूलरमध्ये गंभीर त्रुटी उघड झाली आणि जिथे छपाई लागत नाही तिथे तो बंद ठेवा, असा तात्पुरता सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. त्रुटीवर पॅच आले. सल्ल्यातली 'छपाई लागत नसेल तर' ही अट मात्र यादीत उतरलीच नाही.

ही नोंद फक्त रीतसर मार्गाने केलेल्या बदलांची होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या मांडणीच्या नोंदवहीत, थेट लिहिलं तर लॉगला पत्ता लागत नाही. म्हणून तिसरी खूण, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. रजिस्ट्रीतल्या प्रत्येक कीला, म्हणजे फोल्डरसारख्या कप्प्याला, शेवटचं कधी लिहिलं गेलं याची वेळ चिकटलेली असते. रजिस्ट्री एडिटरच्या खिडकीत ती दिसत नाही. पण कीवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट निवडलं आणि फाइलीचा प्रकार नेहमीच्या ऐवजी साधा मजकूर ठेवला, की प्रत्येक कीपुढे 'लास्ट राइट टाइम' छापून येतो. सर्व्हिसेसची अख्खी शाखा अशी बाहेर काढली आणि लॉगमधून कळलेलं ते मिनिट त्या फाइलीत शोधलं. ७०४० मध्ये नसलेली नावं वर आली. त्यातलं महत्त्वाचं: अपडेट मेडिक सर्व्हिस. अपडेटची यंत्रणा कोणी मोडली तर ती जागेवर आणणं हे तिचं कामच. सर्व्हिसेसच्या खिडकीतून तिला हात लावायला गेलं तर परवानगी नाकारली जाते, म्हणून स्क्रिप्टने मागच्या दाराने रजिस्ट्रीत तिची 'स्टार्ट' किंमत ४ करून ठेवली होती. ४ म्हणजे बंद, ३ म्हणजे गरजेनुसार, २ म्हणजे स्वयंचलित. मधल्या काळात मालकांनी विंडोज अपडेटची सर्व्हिस हाताने चालू करून पाहिली होती, तरी गाडी पुढे का सरकली नाही, त्याच्या मागे हेही एक कारण होतं.

एक सावधगिरी इथे लागते. ही वेळ कीची असते, तिच्यातल्या एकेका किमतीची नाही, आणि नंतर दुसऱ्या कोणी त्याच कीत लिहिलं तर जुनी वेळ पुसली जाते. म्हणून चौथा उपाय ताळा म्हणून केला. आभासी यंत्रात त्याच आवृत्तीचं, म्हणजे २२एच२चं, कोरं विंडोज टाकलं. दोन्हीकडच्या सर्व्हिसेसची नावं आणि सुरू होण्याच्या पद्धती पॉवरशेलने फाइलीत उतरवल्या आणि त्या एकमेकींवर ठेवल्या. फरकांत गोंगाट खूप येतो. ड्रायव्हरच्या सर्व्हिसेस वेगळ्या असतात, आणि काही सर्व्हिसेस प्रत्येक वापरकर्त्यासाठी शेवटी अंक-अक्षरांचं शेपूट लावून तयार होतात, त्यांची शेपटं कधीच जुळत नाहीत. तो गाळल्यावर उरलेली यादी दोन पानांत बसली.

काय परत आणलं, काय तसंच ठेवलं

दोन पानांतलं सगळं 'मूळ स्थितीत' आणणं सोपं होतं, पण तसं केलं नाही. बदल करण्यात गैर काही नाही. यंत्र मालकांचं आहे. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारले: याने काही अडतं का, आणि याने मोजता येईल असा फायदा होतो का.

स्पूलर, अपडेटशी संबंधित सगळ्या सर्व्हिसेस आणि सिसमेन परत चालू केल्या. डायगट्रॅक बंदच ठेवली. तिच्यावाचून या यंत्रावर काही अडलं नव्हतं आणि माहिती बाहेर जाऊ नये ही मालकांची इच्छा रास्त होती. विंडोज सर्चही त्यांच्या सांगण्यावरून बंद राहिली. ते फाइली फोल्डरनेच शोधतात आणि फिरत्या डिस्कवर अनुक्रमणिकेचा भार वाचतो.

होस्ट्स फाइलीत, म्हणजे कोणतं संकेतस्थळ कुठल्या पत्त्यावर शोधायचं हे ठरवणाऱ्या फाइलीत, मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यांची लांबलचक यादी ०.०.०.० ला, म्हणजे कुठेच न जाणाऱ्या पत्त्याला, जोडलेली होती. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर २०२० पासून अशा फाइलीला 'होस्ट्सफाइलहायजॅक' म्हणून हटकतो. इथेही हटकलं होतं, आणि सारखी सूचना येते म्हणून मालकांनी ती 'परवानगी'त टाकून गप्प केली होती. यादी काढली, परवानगीही काढली. स्टोअर अॅप उडवलेलं होतं, ते 'डब्ल्यूएसरीसेट' या आज्ञेला 'आय'चा पर्याय देऊन परत आलं. एवढं झाल्यावर अपडेट सरळ चाललं. घाई त्याचीच होती. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करायची तर आधी अपडेटचं पान चालायला हवं.

आता दातेरी अक्षरं. 'परफॉर्मन्स ऑप्शन्स'मध्ये 'उत्तम कामगिरीसाठी जुळवा' हा पर्याय निवडला की सावल्या, सरकती दृश्यं यांच्यासोबत अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी टिकही निघून जाते. रोमन अक्षरांत ते खपून जातं. देवनागरीत छोट्या आकारावर 'द्ध' आणि 'द्व' एकसारखे दिसायला लागतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, 'ऱ्या'मधला र ओळखू येत नाही. मालकांनी मुद्रितशोधनासाठी पान २०० टक्के मोठं करून वाचायची सवय लावून घेतली होती. ती एकच टिक परत लावली, मग क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरं स्पष्ट दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, जुळणी त्यांच्या डोळ्यांना पटेल अशी करून घेतली. बाकी सावल्या आणि सरकती दृश्यं बंदच राहिली. त्यांना ती मुळातच नको होती.

मेन्यू उघडण्याआधीचा विलंब मूळचा ४०० मिलिसेकंद असतो, स्क्रिप्टने तो ० केला होता. शून्यावर माउस नुसता वरून गेला तरी उपमेन्यू फटाफट उघडतात. मी १०० सुचवला. मालकांना शून्यच आवडला, म्हणून शून्यच आहे. फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसणं, एक्सप्लोरर थेट 'धिस पीसी'वर उघडणं, हे बदलही तसेच ठेवले. हे खरे उपयोगाचे. बँडविड्थमधला राखीव २० टक्के भाग मोकळा करणारी नोंद काढून टाकली, कारण असा भाग कोणी अडवून ठेवलेलाच नसतो. एखाद्या प्रोग्रॅमने खास अग्रक्रम मागितला तरच ती मर्यादा कामाला येते.

मालकांनी आता डेस्कटॉपवर एक मजकूर फाइल ठेवली आहे: तारीख, काय बदललं, आधी काय होतं. सिस्टम रिस्टोअर बंद होतं, ते चालू केलं. मात्र मूळ मांडणीत आधीचा पॉइंट २४ तासांच्या आतला असेल तर प्रोग्रॅमच्या विनंतीवरून नवा तयार होत नाही. स्क्रिप्ट 'रिस्टोअर पॉइंट घेतला' म्हणाली तरी यादी उघडून तारीख पाहायची, हे त्यांना सांगून ठेवलं.

यंत्र अजूनही सुरू व्हायला वेळ घेतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स'खाली १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटला लागलेला काळ मिलिसेकंदांत असतो. स्क्रिप्टच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर फरक रोजच्या चढउतारात हरवून जाण्याइतका किरकोळ. वेळ जातो तो डेस्कटॉप दिसल्यानंतर, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असते तेव्हा. त्यावर रजिस्ट्रीत उपाय नाही, एसएसडी हाच उपाय, आणि हातातलं पुस्तक छपाईला गेलं की ती बसवायची ठरली आहे. डिस्क आहे तशी क्लोन करता येईल. फक्त स्क्रिप्टने टास्क शेड्यूलरमधलं डीफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावण्याचं, कामही बंद केलं होतं, ते आताच चालू करून ठेवलं. एसएसडीवर तेच काम डीफ्रॅगऐवजी ट्रिम, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे हे एसएसडीला कळवणारी आज्ञा, पाठवतं, आणि ते बंद असल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.